दुसऱ्याच्या सन्मानाला आपल्या हाताची किनार

सन्मानसमारंभाचे छायाचित्र पाहताना नजर प्रथम सत्कारमूर्तीच्या मुखाकडे जाते, मग अंगावरील वस्त्राकडे आणि शेवटी हातातील मानपत्राकडे. वस्त्राच्या गळ्याला आणि बाह्यांना लावलेली बोटभर रुंदीची किनार क्वचितच कोणी निरखून पाहतो. ती कोणी विणली, किती रात्री बसून विणली आणि तिचे मोल काय घेतले, हे प्रश्न तर कोणाच्या मनातही येत नाहीत. अमेरिकेत आणि युरोपात अशी किनार घरी बसून विणणाऱ्या हौशी विणकरांचा एक वर्ग आहे. त्यांपैकी अनेक जण ती विकण्यासाठी विणत नाहीत. मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या सन्मानाच्या दिवशी तिच्या ऐतिहासिक धर्तीच्या पोशाखावर ती शोभावी, एवढ्यासाठीच विणतात. व्यापार हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय आहे, त्यांना हा उद्योग प्रथमदर्शनी तोट्याचा वाटेल. परंतु ‘अनुमोदना’ हा शब्द ज्या घरांत नित्य उच्चारला जातो, त्या घरांनी हा हिशेब मुळातून पाहण्यासारखा आहे.

परसातील मेळाव्यापासून

१ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कले या विद्यापीठाच्या गावी काही तरुण मंडळींनी एका घराच्या परसात मध्ययुगीन धाटणीचा मेळावा भरवला. पोशाख जुने, खेळ जुने, रीतीरिवाजही जुने. एका दिवसाची मौज म्हणून सुरू झालेल्या या मेळाव्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम’ ही संस्था उभी राहिली. आज तिची ‘राज्ये’ उत्तर अमेरिकेबाहेरही पसरली आहेत. युरोपातील राज्याला ड्राखनवाल्ड आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील राज्याला लोकॅक असे नाव आहे. तेथील राजा द्वंद्वाच्या स्पर्धेतून ठरतो आणि काही महिन्यांनी सिंहासन दुसऱ्याला देतो. राज्य अर्थातच मानीव आहे, परंतु त्यामागील अभ्यास मानीव नाही. सतराव्या शतकापूर्वीचे जग केवळ वाचून न थांबता हाताने करून पाहावे, हे या संस्थेचे सूत्र होय. दिवसा नोकरी-व्यवसाय करणारी माणसे सायंकाळी सूत कातणे, वनस्पतींपासून रंग काढणे, चामड्याचे जोडे शिवणे, जुन्या वळणाची अक्षरे गिरवणे असले उद्योग करतात.

या संस्थेत काही मानाची पदे आहेत. कला आणि विद्या यांतील नैपुण्यासाठी ‘लॉरेल’, दीर्घकाळच्या निरलस सेवेसाठी ‘पेलिकन’ आणि शस्त्रकौशल्यासाठी ‘नाइट’. पद मागून मिळत नाही. त्या पदावर आधीपासून असलेली मंडळी एखाद्याच्या कामाचा व वर्तनाचा आपसांत विचार करतात आणि राजा-राणी तो मान देतात. समारंभापूर्वी बहुधा एक जागर असतो. मान मिळणारी व्यक्ती एकांतात बसते, आणि वडीलधारे व स्नेही एकेक करून आत जाऊन तिला चार शब्द सांगतात. त्यानंतर भर दरबारात तिला नवे पद दिले जाते.

त्या दिवसाचा पोशाख नेहमीचा नसतो. संस्थेतील प्रत्येकाने अभ्यासासाठी एखादा देश आणि काळ निवडलेला असतो. कोणी दहाव्या शतकातील स्वीडनचा, तर कोणी चौदाव्या शतकातील इटलीचा. समारंभाचे वस्त्र त्या देशकालाला शोभेल असेच असावे लागते. ते एकट्याच्याने होत नाही. म्हणून मित्रमंडळी कामे वाटून घेतात. कोणी अंगरखा शिवतो, कोणी पट्टा करतो, कोणी मानपत्र लिहितो, आणि कोणी गळ्याची, बाह्यांची व घेराची किनार विणतो.

चौकोनी पत्ते आणि ऐंशी धागे

किनार विणण्याची जी रीत या मंडळींना विशेष प्रिय आहे, तिला माग लागत नाही. खेळण्याच्या पत्त्याएवढ्या चौकोनी पाट्या लागतात. प्रत्येक पाटीच्या चार कोपऱ्यांना चार भोके असतात आणि प्रत्येक भोकातून ताण्याचा एक धागा ओवलेला असतो. वीस पाट्या म्हणजे ऐंशी धागे. ताण्याचे एक टोक खांबाला आणि दुसरे विणणाऱ्याच्या कमरेला बांधले तरी काम सुरू होते. सगळ्या पाट्या पत्त्यांच्या जोडासारख्या एकत्र धरून पाव फेरा फिरवल्या की वरचे आणि खालचे धागे वेगळे होऊन मधे वाट मोकळी होते. त्या वाटेतून बाण्याचा धागा घालायचा, तो ठोकून घट्ट बसवायचा आणि पाट्या पुन्हा पाव फेरा फिरवायच्या. प्रत्येक पाटीचे चार धागे फिरता फिरता एकमेकांभोवती पिळले जातात आणि दोरीसारखे घट्ट होतात. शेजारी शेजारी बसलेल्या अशा वीस बारीक दोऱ्या बाण्याने एकत्र गुंफल्या की किनार तयार होते. दोऱ्यांचा पीळ असल्यामुळे ती साध्या फितीपेक्षा जाड आणि टिकाऊ असते.

नक्षी दोन तऱ्हांनी उठते. एक म्हणजे कोणत्या भोकात कोणता रंग ओवला आणि पाटी पुढे फिरवली की मागे, यावरून. दुसरी अधिक वेळखाऊ रीत म्हणजे जरीचा एक जादा धागा काही ताण्यांच्या वरून आणि काहींच्या खालून नेऊन पृष्ठभागावर आकृती उमटवणे. आपल्याकडे पैठणीच्या काठापदराकडे पाहून ज्यांचा डोळा तयार झाला आहे, त्यांना जरीच्या धाग्यामागचे श्रम वेगळे सांगायला नकोत.

पूर्वी या पाट्या लाकडाच्या, हाडाच्या किंवा सांबरशिंगाच्या असत, आणि श्रीमंतांच्या किनारी रेशमाच्या. हाड आणि रेशीम या दोन्ही गोष्टी जैन वाचकाला खटकतील, आणि ते स्वाभाविक आहे. आज मात्र जाड पुठ्ठ्याच्या पाट्यांवर उत्तम काम होते, आणि चकाकी असलेले सुती दोरे रेशमाची जागा पुष्कळ अंशी भरून काढतात. नवशिके तर बहुधा सुतावरच हात बसवतात. म्हणजे ही कला हिंसेवाचून साधता येते.

मातीतून वर आलेला पुरावा

ही रीत हौशी मंडळींनी कल्पनेने रचलेली नाही. १९७८ साली जर्मनीत होखडोर्फ येथे इसवीसनापूर्वी सहाव्या शतकातील एका केल्टिक सरदाराच्या समाधीचे उत्खनन सुरू झाले. तीत मिळालेल्या वस्त्रांच्या अवशेषांवर पाट्यांवर विणलेल्या किनारी होत्या. नॉर्वेत ओसेबर्ग येथे १९०४ साली उत्खनन झालेल्या जहाजात इसवीसन ८३४ च्या सुमारास दोन स्त्रियांचे दफन झाले होते. त्यांच्याबरोबर ठेवलेल्या वस्तूंत ५२ पाट्यांचा एक संच निघाला. त्यांत धागे ओवलेले होते आणि काम अर्ध्यावर होते. अकराशे वर्षे ते विणकाम पुढच्या पाव फेऱ्याची वाट पाहत राहिले, असेच म्हणावे लागेल.

स्वीडनमधील मॅलारन सरोवरातल्या बेटावरील बिर्का ही त्या काळची मोठी व्यापारपेठ. तेथील थडग्यांतून रेशीम आणि चांदीच्या बारीक तारेने विणलेल्या अरुंद किनारी मिळाल्या. रेशीम पूर्वेकडून दूरच्या व्यापारी मार्गांनी तेथे येत असे. आग्नेस गाइयर या स्वीडिश विदुषींनी १९३८ साली बिर्काच्या वस्त्रांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या विणकरांना आजही उपयोगी पडतो. त्याआधी १९०१ साली मार्गारेटे लेमान-फिल्हेस यांनी बर्लिनहून या विणकामावर जर्मन भाषेत पुस्तक प्रसिद्ध केले होते, आणि विस्मरणात जाऊ पाहणाऱ्या या रीतीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते.

सर्वांत बोलका पुरावा इंग्लंडमधील डरहॅमच्या चर्चमध्ये आहे. तेथे संत कथबर्ट यांची शवपेटी १८२७ साली उघडली, तेव्हा सोन्याच्या तारेने भरलेला एक गळपट्टा आणि मनगटावर घेण्याची पट्टी निघाली. त्यांच्या कडांना पाट्यांवर विणलेली किनार आहे. वस्त्रावर भरलेल्या अक्षरांवरून कळते की राणी एल्फ्लेड हिने विंचेस्टरचे बिशप फ्रिथस्टान यांच्यासाठी हे करवून घेतले. त्यावरून त्याचा काळ ९०९ ते ९१६ असा ठरतो. देणारीचे नाव वस्त्रावर आहे, घेणाऱ्याचेही आहे. ज्या हातांनी ते भरले आणि विणले, त्यांचे नाव मात्र कोठेही नाही.

जमाखर्च मांडला तर

आता थोडे आकड्यांकडे वळू. गुडघ्यापर्यंतच्या अंगरख्याला गळ्यासाठी ८० सेंटिमीटर, दोन बाह्यांसाठी ६० सेंटिमीटर आणि घेरासाठी ३ मीटर किनार लागते असे धरले, तर शिलाईची सूट मिळवून ती साडेचार मीटर होते. विणताना पिळामुळे धागा आटतो, आणि शेवटचा काही भाग पाट्यांमुळे विणताच येत नाही. म्हणून ताणा सहा मीटरचा धरावा लागतो. ऐंशी धागे गुणिले सहा मीटर म्हणजे ४८० मीटर धागा. दर सेंटिमीटरला बाण्याचे सहा धागे बसतात असे धरले, तर साडेचार मीटरला २,७०० वेळा बाणा घालावा लागतो, आणि प्रत्येक पाटी ६७५ पूर्ण फेरे फिरते. जरीची नक्षी असेल तर एका ओळीला मिनिटभर सहज जाते. म्हणजे ४५ तास. रोज सायंकाळी दोन तास दिले तरी तेवीस दिवस. त्यात धागे मोजणे, ओवणे आणि नक्षीचा कागद आखणे धरलेले नाही.

यंत्रावर विणलेली तयार किनार बाजारात मिळते. दुरून पाहता फरक कळणारही नाही. ४५ तासांची मजुरी कोणत्याही दराने लावली, तरी हाताची किनार त्या तयार किनारीच्या किमतीत बसणार नाही. शुद्ध व्यापारी दृष्टीने हा व्यवहार करूच नये असा निघतो. तरीही ही मंडळी तो करतात, आणि वर्षानुवर्षे करतात.

याचे कारण हिशेबाच्या दुसऱ्या पानावर सापडते. ज्या व्यक्तीचा सन्मान होणार, तिने त्याआधी कितीएक वर्षे इतरांना शिकवलेले असते, मेळाव्यांची व्यवस्था पाहिलेली असते, नवख्यांना हाताशी धरलेले असते. त्या वर्षांची परतफेड पैशात करता येत नाही, आणि करू गेल्यास ती अपमानास्पद होईल. वेळेने दिलेले वेळेनेच फेडता येते. शिवाय ती फेड पूर्ण करायचीही नसते. आज जिच्यासाठी किनार विणली, ती उद्या दुसऱ्या कोणासाठी अंगरखा शिवते. या खात्यात शिल्लक शून्यावर आणण्याचा कोणाचाच आग्रह नसतो. खाते चालू राहणे हेच त्याचे व्याज.

पाव फेरा मागे

या कामात एक कसोटीचा क्षण येतो, आणि तो बहुतेक प्रत्येक विणकराच्या वाट्याला येतो. वीसांतली एक पाटी हातून निसटते आणि उलटी फिरते. ते त्या वेळी लक्षात येत नाही. वीतभर विणून झाल्यावर दिव्याखाली पाहताना नक्षीची एक रेघ मोडलेली दिसते. समारंभाला दहा दिवस उरलेले असतात. ती मोडलेली रेघ घेराच्या मागच्या बाजूला येणार असते. दरबारातील कोणालाही ती दिसणार नसते, आणि स्वतः मैत्रीण तर वस्त्र अंगावर असताना ती पाहूच शकणार नसते.

उसवायचे तर कात्री चालत नाही. ज्या क्रमाने विणले त्याच्या उलट क्रमाने जावे लागते. पाट्या पाव फेरा मागे, बाण्याचा एक धागा बाहेर. पुन्हा पाव फेरा मागे, पुन्हा एक धागा बाहेर. जरीची तार एकदा वाकली की तिची झळाळी कमी होते, म्हणून ती बदलावी लागते. वीतभर, म्हणजे वीसेक सेंटिमीटर, उसवणे म्हणजे १२० ओळी मागे जाणे आणि तेवढ्याच पुन्हा विणणे.

प्रतिक्रमण या शब्दाचा मूळ अर्थ मागे वळणे असा आहे, हे आपल्याकडे लहान मुलांनाही शिकवले जाते. चूक झाली त्या ठिकाणापर्यंत पावलापावलाने परत जाणे, वाटेतल्या प्रत्येक पावलाकडे पाहणे, आणि मग पुन्हा नीट चालणे. विणकाम म्हणजे धर्मक्रिया नव्हे, आणि या दोहोंची बरोबरी करणे उचित होणार नाही. परंतु कोणी पाहत नसताना चूक मागे जाऊन सुधारण्याची सवय ज्या हातांना लागते, त्या हातांना त्या शब्दाचा अर्थ थोडा अधिक कळतो, एवढे म्हणता येईल. विकायची वस्तू असती, तर ही चूक ‘चालण्याजोगी’ ठरली असती. ती दुसऱ्याच्या सन्मानासाठी आहे, म्हणूनच ती चालत नाही.

आपल्या घरची किनार

श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत उजमण्याच्या वेळी मंदिराला वा उपाश्रयाला छोड, पुठिया आणि चंदरवा अर्पण करण्याची जुनी रीत आहे. मखमलीवर जरीने भरलेल्या या वस्त्रांवर तप करणाऱ्याचे नाव, तपाचे निमित्त आणि संवत भरलेला आढळतो. तप एकाचे आणि जरीकाम दुसऱ्यांचे, असा तो संयोग असतो. आपल्या ज्ञानभांडारांतील हस्तलिखितांच्या शेवटी ज्या प्रशस्ती आहेत, त्यांतही ग्रंथ लिहववून घेणाऱ्या कुटुंबांची नावे आदराने नोंदलेली आहेत.

अशीच एक परंपरा शेजारच्या ब्रह्मदेशात होती, आणि ती थेट याच विणकामाची. तेथील बौद्ध लोक ताडपत्री ग्रंथ बांधण्यासाठी पाट्यांवर विणलेली लांबलचक फीत विहाराला देत. तिला ‘साझीज्यो’ म्हणतात. त्या फितीत अक्षरेच विणलेली असत. दात्यांची नावे, त्यांनी केलेले दान, आणि या पुण्यात सर्वांनी सहभागी होऊन ‘साधु’ म्हणावे अशी विनंती. दुसऱ्याच्या सत्कृत्याला मनापासून ‘साधु’ म्हणणे, हीच तर अनुमोदना.

करणे, करवणे आणि अनुमोदणे हे तीन मार्ग जैन परंपरेने मोठ्या बारकाईने सांगितले आहेत. श्वेतांबर परंपरेतील बलभद्र मुनींची कथा या संदर्भात सर्वांच्या परिचयाची आहे. तुंगीच्या अरण्यात तपश्चर्या करणाऱ्या मुनींना एक हरीण लाकूड तोडणाऱ्या रथकाराकडे घेऊन गेले. रथकाराने भक्तिभावाने आहार वहोरावला. हरीण डबडबल्या डोळ्यांनी पाहत राहिले. आपण मनुष्य असतो तर आपणही दान दिले असते, असे त्याच्या मनात येत होते. त्याच क्षणी अर्धवट तोडलेली फांदी कोसळली. तप करणारे मुनी, दान देणारा रथकार आणि केवळ अनुमोदना करणारे हरीण, तिघेही पाचव्या देवलोकात गेले.

या कथेतून अनुमोदनेचे सामर्थ्य आपण नेहमी सांगतो. पण तिच्यातील एक बाब सहसा नजरेतून सुटते. हरणाला हात नव्हते. मनाने आनंदित होणे एवढीच त्याची शक्ती होती, आणि ती त्याने पूर्णपणे वापरली. म्हणून त्याची अनुमोदना अपुरी ठरली नाही.

आपल्या कुटुंबांत आज अठाई होते, मासखमण होते, वर्षीतपाचे पारणे होते. नातेवाईक आणि स्नेही मोठ्या संख्येने येतात, ‘खूब खूब अनुमोदना’ असे लिहून फलक लावतात, मोबाइलवर तसाच संदेश पाठवतात. मंडप, सजावट, भेटवस्तू आणि आमंत्रणपत्रिका यांची व्यवस्था ठेकेदाराकडे सोपवली जाते. त्यात गैर काही नाही. मोठ्या समारंभाला अशी व्यवस्था लागतेच, आणि त्यावर अनेकांची चरितार्थे चालतात. परंतु तपस्व्याने तीस दिवस आपल्या देहाने दिलेले असतात. त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या बहिणीने, भावजयीने, मित्राने त्या तीस दिवसांत आपल्या हाताने काय केले, हा प्रश्न विचारला तर पुष्कळ घरांत उत्तर देताना थोडे थांबावे लागेल.

उत्तर फार मोठे असण्याची गरज नाही. तपस्व्याच्या जपमाळेसाठी सुती कापडाची पिशवी शिवता येते. त्याच्या नित्य वाचनाच्या ग्रंथाला वेष्टण करता येते आणि ते बांधायची फीत पुठ्ठ्याच्या सोळा-वीस पाट्यांवर घरी विणता येते. त्याला आवडणारी स्तवने सुवाच्य अक्षरांत वहीत उतरवून देता येतात. दारातली गहुली विकतच्या छापाऐवजी हाताने काढता येते. घरातील नातवंडांना यांपैकी एखादे काम दिले, तर त्यांना तपाचा महिना म्हणजे केवळ पाहुण्यांची वर्दळ वाटणार नाही. आपणही त्यात काही घातले आहे, हे त्यांच्या लक्षात राहील. वस्तूची किंमत पाहिली तर ती शे-दोनशे रुपयांचीही नसेल. तिच्यात जे तास गेले, ते मात्र कोणत्याही दुकानात मिळणार नाहीत.

परदेशातील त्या समारंभात सन्मानचिन्ह दिले जाते, दरबार जयघोष करतो आणि नवे वस्त्र ल्यालेली मैत्रीण सर्वांना सामोरी जाते. किनार विणणारी त्या वेळी गर्दीत मागे कोठेतरी उभी असते. तिचे नाव पुकारले जात नाही, आणि पुकारावे अशी तिची अपेक्षाही नसते. घेराच्या मागच्या बाजूची ती रेघ सरळ आहे, हे तिला ठाऊक असते. हरणाला जे देता आले नाही, ते तिने दिलेले असते. आपल्यालाही हात आहेत.